दहा अभिप्राय आणि एक खांदा

माणसाने आयुष्यात काय वाटेल ते करावं, पण दुसऱ्याला "कसं वाटलं?" असं विचारू नये. विचारल्यावाचून राहवतच नसेल, तर निदान लोखा गावात विचारू नये. अख्ख्या इक्वादोरमध्ये आमचं लोखा संगीताचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि तसं ओळखणारे बहुतेक लोखाचेच आहेत. इतर गावांत लोक गाणं ऐकतात, आमच्याकडे तपासतात. मूल जन्मलं की नाक कोणावर गेलंय हे नंतर बघतात, आधी ते कोणत्या पट्टीत रडतंय ते बघतात. आमचा खाटीक सनई फुंकावी तशी क्लॅरिनेट फुंकतो, नोटरी लग्नात खर्जातली गाणी म्हणतो, आणि यांतला एकही जण स्वतःला हौशी म्हणवून घेत नाही.

अशा गावात मी, रोमुलो ओखेदा, वय सत्तेचाळीस, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा, एका इंडी पॉप बँडचा अल्बम काढून बसलो. इंडी म्हणजे स्वतंत्र, असं मी घरी समजावून सांगितलं. ग्लादिस, माझी बायको, म्हणाली, "म्हणजे ज्यांना कोणी बोलावत नाही ते?" व्याख्या म्हणून ती बरोबर होती, पण व्याख्या बरोबर असली की सांगणाऱ्याचा राग येत नाही असं थोडंच आहे. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिला ते कळलं की नाही हे मला अजून माहीत नाही.

बँडमध्ये आम्ही तिघं. चाली आणि की-बोर्ड माझा. गाणं आणि गिटार मारिउक्सीचं. ती आमच्याच शाळेत भूगोल शिकवते आणि गाताना नकाशाकडे बघितल्यासारखी लांब कुठेतरी बघते. ड्रमवर विल्मान कुएव्हा, दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत आम्ही शाळा सुटल्यावर नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली. अल्बमचं नाव 'ढगाळ दुपार'. चौथ्या गाण्यात मागून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येतो, कारण त्या दिवशी डॉक्टरांचा मदतनीस एका पेशंटला थांबवू शकला नाही. पुढे तीन जणांनी चौथ्या गाण्यातलं ते वाद्य कोणतं म्हणून कौतुकाने चौकशी केली.

पण खरं गाणं दुसरं. 'खाली ये' असं त्याचं नाव. प्रियकर खिडकीखाली उभा आहे आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीला म्हणतोय, खाली ये, खाली ये, मी फार वेळ थांबणार नाही. ही चाल मला आंघोळ करताना सुचली, एका दमात, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मोठ्या लोकांना चाली अशाच अख्ख्या सुचतात असं मी ऐकून होतो. साबण डोळ्यांत गेला तरी मी पाणी घेतलं नाही. टॉवेल गुंडाळून की-बोर्डवर बसलो आणि रडलो. ग्लादिस म्हणाली साबणामुळे. असो.

ती चाल मला झपझप हवी होती, पाय थिरकले पाहिजेत अशी. पण नेमका त्याच महिन्यात डॉक्टरांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. दात उपटताना त्यांना त्याचा काही त्रास होत नव्हता, फक्त ड्रमवर होत होता. "मास्तर, याहून जलद नाही जमणार," ते म्हणायचे, आणि गाणं गोगलगायीसारखं पुढे सरकायचं. मी समजावलं, चिडलो, एकदा तर दुसरा ड्रमवाला बघतो म्हणून धमकीही दिली. डॉक्टर म्हणाले, बघा की, पण खोली माझी आहे. शेवटी 'खाली ये' निम्म्या वेगाने मुद्रित झालं, आणि मी तीन महिने त्या खांद्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

अल्बम झाला तेव्हा मारिउक्सीने सप्टेंबरच्या जत्रेत वाजवायचं काढलं. चौकात मोठा मंच असतो, सगळं गाव येतं. त्यासाठी उत्सव समितीचा अर्ज भरायचा होता. अर्जाचं सातवं कलम असं: अल्बम ऐकलेल्या दहा श्रोत्यांचे लेखी अभिप्राय, सही, ओळखपत्राचा क्रमांक आणि ओळखपत्राची रंगीत प्रत. प्रत साधी दिली तर श्रोता धरत नाहीत. आणि त्या दहांपैकी एक श्रोता नोंदणीकृत वादक असला पाहिजे.

गावात वाजवणारे हजार, पण नोंदणीकृत अकराच. त्यांतले दहा स्वतःच अर्ज करत होते, त्यामुळे ते दुसऱ्याबद्दल चांगलं लिहिण्याचा प्रश्न नव्हता. अकरावे माझे वडील.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. सेगुंदो ओखेदा, वय ब्याऐंशी. गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. आई गेल्यापासून नदीपलीकडे दोन खोल्यांत एकटे राहतात. मी सात वर्षांचा असताना शाळेच्या कार्यक्रमात पियानो वाजवला. घरी येताना मी विचारलं, "बाबा, कसं वाटलं?" ते विचार करून म्हणाले, "बाकं चांगली होती." माझ्या लग्नात मी स्वतः बसवलेलं गाणं म्हटलं, तेव्हा ते केकबद्दल बोलले. चाळीस वर्षांत माझ्या संगीताविषयी त्यांच्या तोंडून एक 'बरं' निघालेलं नाही. जत्रा, मंच, समिती, हे सगळं ठीक आहे, पण मला हवं होतं ते एवढंच. त्यांच्या हातचं, लेखी, सहीनिशी. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस हे कबूल करतोय, तेव्हा कोणी हसू नये ही विनंती.

मी गाणी पेनड्राइव्हवर भरून त्यांना नेऊन दिली. त्यांनी तो उलटसुलट बघितला, कॉफीच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "ऐकतो."

मग मी बाकीच्या नऊ जणांकडे वळलो. गळ्यात झोळी, झोळीत वही.

पहिला अभिप्राय ग्लादिसचा. ती भांडी घासत होती.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"चांगला म्हणजे? काय चांगलं आहे?"

"तुझा आवाज कुठे येत नाही ते."

मी वहीत 'चांगला आहे' एवढंच लिहून सही घेतली.

वरच्या मजल्यावरच्या एस्तेलाबाई चर्चच्या गायकवृंदात तीस वर्षं होत्या. त्यांनी मला बसवून प्रत्येक गाण्यातल्या चुका सांगितल्या. सहावं गाणं बेसूर, सातवं त्याहून, आठव्याच्या वेळी त्या झोपल्या होत्या. "पण दुसरं गाणं, मास्तर, काय सांगू? ऐकताना मी दोनदा उठले. गॅसवर काहीतरी राहिलंय असं वाटलं. जाऊन बघते तर गॅस बंद!"

"म्हणजे अस्वस्थ करतं," मी आनंदाने लिहून घेतलं.

"तसंच काहीसं. पायात चप्पल पण घातली हो मी."

कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं मत पडलं की अल्बम रडका आहे आणि दुसरं गाणं तर बसकण मारल्यासारखं. "जरा हलवा की ते! माझं पीठ याहून लवकर फुगतं." मी त्याला खांद्याची हकीकत सांगितली, तर तो खांद्याला कोणतं तेल लावावं ते सांगू लागला. अभिप्राय राहिला बाजूला, तेलाचं नाव घेऊन मी परतलो. सहीसाठी पुन्हा जावं लागलं.

टॅक्सीवाल्या क्लेव्हेरने आठवडाभर अल्बम गाडीत लावला. म्हणाला, "मिश्र आहे, मास्तर. तरुण पोरं म्हणतात बंद करा. पण चाळिशीच्या पुढची माणसं दुसऱ्या गाण्याला एकदम गप्प होतात आणि मागच्या काचेतून बघायला लागतात. एक बाई तर म्हणाली, इथेच उतरव, घरी जाते. अजून तिचं घर दोन किलोमीटर होतं!"

"गाण्याने घराची ओढ लागली तिला," मी म्हणालो.

"माझं भाडं निम्म्यावर आलं, ते पण लिहा."

आमच्या शाळेचे संगीत शिक्षक फाउस्तो कारियोन यांनी डोळे मिटून ऐकलं. ते म्हणाले, "यात उत्तर युरोपाचा प्रभाव दिसतो. थंडी आहे. बर्फ आहे. दूरवर काहीतरी जवळ येतंय, अशी चाहूल आहे. तू त्या बाजूचं बरंच ऐकलेलं दिसतंस."

मी त्या बाजूचं काहीच ऐकलेलं नव्हतं, पण विनयाने मान खाली घातली. आपल्यावर उत्तर युरोपाचा प्रभाव आहे हे कळल्यावर माणूस जरा ताठ चालतो. मी दोन दिवस मफलर वापरला.

सगळ्यांत मोलाचा अभिप्राय धाकट्या बहिणीचा, फॅनीचा. ती राजधानीत, कीतोला असते. फोनवर ती बोलतच नव्हती, नुसती हुंदके देत होती.

"काय झालं गं?"

"दादा, ते दुसरं गाणं! मला एकदम आई दिसली रे. एप्रन घातलेली, केस सुटलेले, जिन्यावरून धावत खाली जातेय. इतकी स्पष्ट दिसली! तू काय केलंयस हे?"

माझेही डोळे भरून आले. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि माझ्या गाण्याने ती जिन्यात उभी राहिली. मी त्या क्षणी स्वतःला खरोखर मोठा समजलो. तो समज साधारण सहा दिवस टिकला.

असे नऊ अभिप्राय झाले. दहाव्यासाठी मी रोज बाबांकडे जात होतो. ते केळ्याचं सूप पुढे ठेवायचे, हवेबद्दल बोलायचे.

"ऐकलंत, बाबा?"

"ऐकतो."

"आज ऐकता?"

"सूप गार होतंय."

मुदत संपायला चार दिवस उरले, तेव्हा मी निदान नऊ अभिप्राय आणि अल्बम तपासून घ्यावा म्हणून समितीच्या कचेरीत गेलो. दहावा मागून दिला तर चालेल का, हेही विचारायचं होतं. टेबलावर सामानिएगोबाई होत्या, चष्मा साखळीला, चेहऱ्यावर दुपारचे अडीच. बाहेर व्हरांड्यात पेन्शनच्या दाखल्याची रांग होती, कारण त्या इमारतीत सगळ्याच रांगा एकाच व्हरांड्यात लागतात.

बाईंनी रंगीत प्रती मोजल्या, एका प्रतीत फाउस्तोचा कान कापला गेलाय म्हणून ती परत केली, मग पेनड्राइव्ह संगणकाला लावला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी दचकलो. मारिउक्सी कोंबडीसारखी गात होती.

"बाई, हे असं नाहीये. हे फार जलद वाजतंय."

"दीडपट," बाई शांतपणे म्हणाल्या. "मास्तर, चौसष्ट अल्बम आलेत. सगळे सरळ ऐकत बसले तर डिसेंबर उजाडेल. मी दीडपटीने ऐकते. रडकी असतील तर दुपटीने."

मी काही म्हणायच्या आत दुसरं गाणं लागलं. दुपटीने.

पुढे काय झालं ते मी जसं पाहिलं तसं सांगतो. आधी दारावरचा म्हातारा पहारेकरी खुर्चीतून उठला. कोणी हाक मारल्यासारखा कोपऱ्यात गेला आणि कचऱ्याची बादली उचलली. रांगेतले एक गृहस्थ, सकाळपासून उभे असलेले, रांग सोडून रस्त्यावर बघायला गेले. त्यांच्यामागे दोन बायका गेल्या. त्यांची जागा मागच्यांनी घेतली, आणि ते परत आल्यावर भांडण सुरू झालं. पहारेकरी बादली हातात धरून मलाच विचारत होता, "आज हिरवी की काळी?" आमच्या गावात ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका काळ्या बादलीत, आणि एक दिवसाआड एकेक जाते. चुकीच्या दिवशी चुकीची बाहेर ठेवली तर दंड होतो, शिवाय गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

सामानिएगोबाईंनी टेबलाखालची कागदाची टोपली पायाने पुढे ओढली होती. मग त्यांचं त्या टोपलीकडे लक्ष गेलं, मग माझ्याकडे.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "ही कचऱ्याच्या गाडीची चाल आहे."

"कुठल्या गाडीची?"

"जुन्या. निळ्या. मी शाळेत होते तेव्हाची."

आणि मला ऐकू आलं. रोजचे दुपारचे चार, आमची गल्ली, निळी गाडी, तिच्या टपावरचा कर्णा. टीरी-री, टीरी-री. एप्रन घालून आई जिन्यावरून धावत खाली जातेय. मी साबण डोळ्यांत घेऊन जे रडलो होतो ते यासाठी. आकाशातून आलेली चाल गाडीच्या टपावरून आली होती. व्हरांड्यातल्या रांगेने तोपर्यंत ती गुणगुणायला सुरुवात केली होती, आणि लोखाची रांग असल्यामुळे दोन आवाजांत.

"अर्ज बाद करू नका," मी म्हणालो.

"बाद कशाला? अकरावं कलम आहे ना. चाल स्वतःची नसेल तर मूळ कर्त्याचं नाव आणि संमती. पण माणसाचं नाव हवं हं. कर्ता म्हणून कचऱ्याची गाडी चालत नाही."

बातमी माझ्याआधी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारापुढे नऊ काळ्या बादल्या ओळीने ठेवल्या होत्या, आणि दिवस हिरवीचा होता. वरून एस्तेलाबाईंनी खिडकी उघडून विचारलं, "मास्तर, गाडी किती वाजता?" पाववाल्याने जाहीर केलं की दुपटीने ऐकलं तर गाणं उत्तम आहे, त्याचं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. दहावीच्या वर्गात शिरलो तर टेबलावर केराची टोपली, आणि तिला कोणीतरी माझा मफलर गुंडाळला होता. फाउस्तो कारियोन शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगत होते, "मी म्हटलंच होतं, उत्तरेचा प्रभाव आहे. गाडी उत्तरेकडूनच यायची." क्लेव्हेरने मात्र अभिप्राय बदलला नाही. त्याला फक्त गेलेलं भाडं हवं होतं.

बँडची बैठक दवाखान्यात झाली. मारिउक्सी रडत होती. "मास्तर, मी डोळे मिटून गायले हो ते! माझ्या नवऱ्याला अर्पण केलंय मी ते गाणं. तो आता बोलतच नाही माझ्याशी, नुसता बादली दाखवतो."

डॉक्टर खुर्चीत पेशंटच्या जागी आडवे होऊन खांद्याला शेक देत होते. "माझ्या खांद्याचे उपकार माना. मूळ वेगात वाजवलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडले गेलो असतो."

मला कोणाचे उपकार मानायचे नव्हते. नऊ गाण्यांपैकी आठांना लोकांनी नावं ठेवली, आणि जे एक त्यांच्या काळजात शिरलं ते माझं नव्हतं. यावर बोलण्यासारखं काही नसतं. फॅनीला फोन करून सांगायचा धीर तर आजतागायत झालेला नाही.

रविवारी दुपारी मी तमाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे मुटके, घेऊन बाबांकडे गेलो. आता त्यांच्याकडे दोन कामं होती. दहावा अभिप्राय, आणि ती चाल मुळात कोणाची होती हे विचारणं. तेव्हाच्या बँडमधलं कोणी जिवंत असेल तर त्यांनाच ठाऊक असणार. जिन्यात मी ठरवलं की अभिप्रायाचं काढायचंच नाही. चोरीच्या मालाला 'बरं' कोण म्हणेल?

त्यांनी कॉफी केली. तमाल सोलले. डब्यात पेनड्राइव्ह नव्हता. मी दिलेल्या रेडिओला लावलेला होता.

"बाबा, ऐकलंत का?"

"ऐकलं."

"कधी?"

"दिलंस त्याच दिवशी."

"मग इतके दिवस ऐकतो, ऐकतो काय चाललं होतं?"

"पुन्हा ऐकत होतो."

मी तमाल खाली ठेवला. "बाबा, दुसरं गाणं माझं नाही. कचऱ्याच्या जुन्या गाडीची चाल आहे ती. मी मुद्दाम नाही चोरली, पण चोरली. सगळं गाव हसतंय. ती कोणी केली होती, आठवतं तुम्हाला?"

"गाडीला चाली सुचत नाहीत," बाबा म्हणाले.

ते उठले, पलंगाखालून क्लॅरिनेटची पेटी ओढली, तिच्या अस्तरातून एक पिवळा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. स्वरलिपी त्यांच्या हातची. वर लिहिलं होतं: 'रोसाउरासाठी. पासिय्यो. सावकाश.' रोसाउरा म्हणजे माझी आई. पासिय्यो म्हणजे आमच्याकडचं ते हळू, झुरणारं गाणं, जे एकदा सुरू झालं की पाहुणे जेवायचे थांबतात. खाली साल होतं १९७१, त्यांच्या लग्नाचं.

"तिच्या खिडकीखाली वाजवलं होतं एकदा," बाबा म्हणाले. "मग पडून होतं. पुढे कर्ण्याची गाडी आली. त्यांना चाल हवी होती. बँडमध्ये सगळ्यांना विचारलं. कचऱ्यासाठी आपली चाल कोण देणार? मला वाटलं, निदान वाजेल तरी."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? घड्याळ घेऊन उभा होता एक माणूस. म्हणे, गाडी कोपऱ्यावर चाळीस सेकंद थांबते, तेवढ्यात बसवा. मी बसवली. पळवली, पळवली. बँडमधली मंडळी मला कचरा-उस्ताद म्हणायची. घरी फक्त तुझ्या आईला माहीत होतं."

मी कागदाकडे बघत होतो. "म्हणून ती धावत जायची?"

"तुला काय वाटलं?"

"बादली द्यायला."

"रोज बादलीभर कचरा निघेल इतकं होतं कुठे आपल्याकडे? निम्म्या वेळा रिकामीच घेऊन जायची. शेजारणी हसायच्या. पण इतक्या वेगात तिने ती कधी नीट ऐकलीच नाही. गाडी निघून जायची."

मला खूप वाईट वाटलं. आईसाठी, त्यांच्यासाठी, आणि उगाच स्वतःसाठीही. बाबांनी हात पुढे केला. "तो कागद दे तुझ्या समितीचा."

मी अर्ज दिला. अकराव्या कलमात त्यांनी आपलं नाव लिहिलं, संमतीची सही केली. मग सातव्या कलमातल्या दहाव्या ओळीवर पेन टेकवलं. ब्याऐंशी वर्षांचा हात, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत होता. मी खिडकीबाहेर नदीकडे बघण्याचं सोंग केलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

'चाल याची नाही. वेग याचा आहे. वेग बरोबर आहे. बरं केलं.'

मी ते चार-पाच वेळा वाचलं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, आता तिची सावकाश लय कोणाला कळणार नाही," बाबा म्हणाले. "तुला कळली कशी?"

ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या बापाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे एक वादक दुसऱ्या वादकाकडे बघतो तसं बघितलं होतं. मला दातांच्या डॉक्टरांचा खांदा आठवला, तो शेक, ते तेल, मी दिलेली धमकी.

"आपोआप कळली, बाबा," मी म्हणालो.

अर्ज मंजूर झाला. स्वच्छता सप्ताहाच्या बक्षीस समारंभाआधी, सकाळी अकराला, आम्हाला एकच गाणं दिलं आहे. कोणतं ते सांगायला नको. मंचाच्या दोन बाजूंना शोभेसाठी बादल्या ठेवणार आहेत, एक हिरवी, एक काळी. ग्लादिस म्हणते, निदान बोलावलं तरी. बाबांनी जुना कोट धोब्याकडे दिला आहे आणि पहिल्या रांगेतली खुर्ची हवी म्हणून मला दोनदा बजावलं आहे. ते फक्त वेग ऐकायला येणार आहेत.

आज सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मास्तर, पाववाल्याचं तेल लागू पडलं! हात थेट डोक्यावर जातोय. आता बघा मंचावर, तुम्हाला हवं होतं ना तसं, झपझप वाजवतो!"

मी खुर्चीवर बसलो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हात जोडून सांगतो. जत्रा होईपर्यंत तो खांदा दुखू द्या."